यूट्यूब डेटा टूल्स आणि एपीआय: यादी अर्धवट का येते, आकडे का जुळत नाहीत

तक्तेबाज

व्हिडिओ उतरवून घेण्याचा हा धागा नाही, ते आधीच सांगतो. व्हिडिओभोवतीची माहिती तक्त्यात आणायची आहे: शीर्षक, तारीख, लांबी, व्ह्यूज, लाइक्स, कॉमेंट्स, कोणी कोणाला उत्तर दिलं. कोड न लिहिता हे करायचं तर 'यूट्यूब डेटा टूल्स' हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन सगळ्यात सुटसुटीत. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बर्नहार्ड रीडर यांनी ते संशोधनाच्या कामासाठी बनवलंय. चॅनेलची माहिती, व्हिडिओंची यादी, एका व्हिडिओच्या कॉमेंट्स अशी त्यात वेगवेगळी पानं आहेत. एक-दोन रकाने भरायचे, बटण दाबायचं, फाइल उतरवायची.

आतून मात्र ते यूट्यूबच्या 'डेटा एपीआय'ची (प्रोग्रामने माहिती मागायची यूट्यूबची अधिकृत वाट) तिसरी आवृत्ती वापरतं. एपीआय जे देत नाही ते या साधनातून मिळत नाही, आणि तुम्ही स्वतः पायथनमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टमधूनही मिळत नाही. फाइल अर्धवट आली की साधनाला बोल लावण्याआधी एपीआयचे नियम बघावेत.

सगळं कोट्याभोवती, म्हणजे दिवसाला किती मागता येईल या मर्यादेभोवती फिरतं. एका प्रकल्पाला दिवसाला १०,००० युनिट्स मिळतात. व्हिडिओ, चॅनेल, प्लेलिस्ट किंवा कॉमेंट्सची यादी मागितली की दर पानाला १ युनिट जातं. शोध, म्हणजे 'सर्च.लिस्ट', दर पानाला १०० खातो. चुकीची मागणी केली तरी किमान १ युनिट कापलं जातंच. पानावर व्हिडिओ जास्तीत जास्त ५० येतात, कॉमेंट्स १००.

म्हणून एखाद्या चॅनेलची पूर्ण यादी हवी असेल तर शोधाच्या वाटेला जाऊच नका. प्रत्येक चॅनेलची एक अपलोड्सची प्लेलिस्ट असते, ती वापरा. समजा चॅनेलवर १,२०० व्हिडिओ आहेत. चॅनेलची माहिती १ युनिट. अपलोड्सची प्लेलिस्ट ५०-५०च्या पानांनी, म्हणजे २४ युनिट्स. मग मिळालेले आयडी ५०-५०च्या गठ्ठ्यांनी 'व्हिडिओज.लिस्ट'ला द्यायचे, आणखी २४. एकूण ४९ युनिट्समध्ये सगळं चॅनेल हातात. हेच शोधातून करायला गेलात तर ५०० व्हिडिओंना १,००० युनिट्स जातील आणि उरलेले ७०० मिळणारच नाहीत. का, ते खाली येईलच.

मागणीतल्या 'पार्ट'मध्ये (उत्तरात कोणते भाग हवेत ते इथे सांगतात) शीर्षक, आकडे, लांबी सगळं एकदम मागा. भाग वाढवल्याने युनिट वाढत नाही. 'फील्ड्स' लावून, म्हणजे हवे तेवढेच तुकडे मागून, उत्तर लहान करता येतं, पण त्याने कोटा वाचत नाही, फक्त फाइल हलकी होते.

निळी_शाई

दोन शंका. चॅनेलच्या पत्त्यात हल्ली '@' लावलेलं हँडल दिसतं, त्यावरून चॅनेल आयडी कुठून आणायचा? आणि चॅनेल आयडी लावून शोध घेतला तर यादी ५००च्या आतबाहेर थांबते, पुढचं पान येतच नाही. चॅनेलवर तर हजाराच्या वर व्हिडिओ दिसताहेत.

तक्तेबाज

'चॅनेल्स.लिस्ट'ला 'फॉर-हँडल' हा पॅरामीटर (मागणीसोबत भरायचा रकाना) आहे, त्यात हँडल द्या. जुन्या लेखांत 'फॉर-युजरनेम' सापडेल. तो वेगळा आहे, हँडल त्यात चालत नाही, रिकामं उत्तर येतं आणि आपण उगाच शुद्धलेखन तपासत बसतो. उत्तरात 'कंटेंट-डिटेल्स' मागितले की आत 'रिलेटेड-प्लेलिस्ट्स' आणि त्यात 'अपलोड्स' मिळेल. चॅनेल आयडी 'यूसी'ने सुरू होतो, अपलोड्सच्या प्लेलिस्टचा 'यूयू'ने. पुढची अक्षरं तीच.

५००चं म्हणाल तर ती एपीआयची लिहून ठेवलेली मर्यादा आहे. चॅनेल आयडी देऊन फक्त व्हिडिओ मागितले की शोध ५००वर थांबतो. उत्तरात 'टोटल-रिझल्ट्स' म्हणून जो आकडा येतो तो अंदाजे असतो, त्यावर हिशेब बांधू नका. पुढचं 'पेज-टोकन' (पुढच्या पानाची खूण) आलं नाही म्हणजे यादी संपली, एवढंच धरायचं.

प्लेलिस्टच्या वाटेतही एक खड्डा आहे. प्लेलिस्टच्या ओळीत 'स्निपेट'मधली 'पब्लिश्ड-अ‍ॅट' ही व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये घातल्याची तारीख असते. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याची तारीख 'कंटेंट-डिटेल्स'मध्ये 'व्हिडिओ-पब्लिश्ड-अ‍ॅट' नावाने वेगळी येते. अपलोड्सच्या यादीत दोन्ही बहुतेक वेळा जवळपास असतात म्हणून चूक लक्षात येत नाही. हाताने बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये मात्र दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कालचा होऊन बसतो.

कडेकपार

एपीआयच्या किल्लीबद्दल (प्रत्येक मागणीसोबत द्यायचा गुप्त संकेत) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये नवा प्रकल्प, मग लायब्ररीत जाऊन 'यूट्यूब डेटा एपीआय व्ही३' सुरू करायचा, मग क्रेडेन्शियल्समध्ये 'एपीआय की'. सार्वजनिक माहितीला एवढं पुरतं. किल्ली तयार झाली की लगेच 'रिस्ट्रिक्ट'मध्ये जाऊन ती फक्त या एकाच एपीआयपुरती बांधा, आणि कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर संगणकावर साठवलेलं मूल्य) ठेवा. कोडची नोटबुक दुसऱ्याला पाठवताना किल्लीही सोबत जाते, हे नेहमीचं.

चुकांचे संदेश वाचायला शिका, कारण निम्म्याहून जास्त '४०३' (मागणी नाकारली) म्हणूनच येतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. 'अ‍ॅक्सेस नॉट कॉन्फिगर्ड' म्हणजे लायब्ररीत एपीआय सुरू करायचा राहिला. 'कोटा एक्सीडेड' म्हणजे आजचा दिवस संपला, पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नवा कोटा मिळतो (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ०७:०० किंवा ०८:००, उन्हाळी वेळ चालू आहे की नाही त्यावर). 'कॉमेंट्स डिसेबल्ड' म्हणजे त्या व्हिडिओवर कॉमेंट्स बंद आहेत, पुन्हा मागून उपयोग नाही, नोंद करून पुढे जा. अपलोड्सची प्लेलिस्ट मागितल्यावर '४०४' (सापडलं नाही) आला तर बहुधा चॅनेलवर एकही सार्वजनिक व्हिडिओ नाही.

थांबून पुन्हा प्रयत्न करायचा तो फक्त ५००च्या घरातले क्रमांक असलेल्या (सर्व्हरच्या बाजूच्या) चुकांना आणि वेगमर्यादेच्या चुकीला: १, २, ४, ८ सेकंद असं वाढवत. 'कोटा एक्सीडेड'वर पुन्हा पुन्हा धडकणारी लूप लिहिली तर रात्रभर ती नुसती भिंतीवर डोकं आपटत बसते.

कोटा पुरत नाही म्हणून पाच प्रकल्प काढून पाच किल्ल्या फिरवणं नियमाविरुद्ध आहे. जास्त हवा असेल तर कोटावाढीचा अर्ज भरायचा असतो.

अर्धविराम

शोधाशिवाय काही विषयांना पर्याय नसतो. चॅनेल माहीत नाही, फक्त शब्द माहीत आहे, तेव्हा 'सर्च.लिस्ट' घ्यावाच लागतो. पण तो काय करतो हे समजून घ्या. तो डेटाबेसमधल्या सगळ्या जुळणाऱ्या ओळी देत नाही, त्याला जे द्यावंसं वाटतं ते देतो. आज आणि उद्या तीच मागणी केली तर याद्या तंतोतंत सारख्या येतीलच असं नाही. म्हणून शोधाच्या फाइलीसोबत मागणीचा पूर्ण मजकूर, तारीख, वेळ आणि क्रमवारी ('रेलेव्हन्स' की 'डेट') लिहून ठेवायची. ती नसेल तर ती फाइल पुढे कशाचाच पुरावा ठरत नाही.

व्याप्ती वाढवायला काळाचे तुकडे करा. 'पब्लिश्ड-आफ्टर' आणि 'पब्लिश्ड-बिफोर' देऊन आठवडा-आठवडा मागायचा. डेटा टूल्समध्येही कालावधी देऊन त्यातल्या प्रत्येक दिवसाला वेगळा शोध घ्यायची सोय आहे. हिशेब आधी करा: वर्षाचे ५२ आठवडे, प्रत्येकी एकच पान धरलं तरी ५,२०० युनिट्स. दोन-दोन पानं घेतलीत तर १०,४००, म्हणजे दिवसाचा कोटा ओलांडला. दोन्ही टोकांच्या वेळा धरूनच निकाल येतात, त्यामुळे सीमेवरचा व्हिडिओ दोन तुकड्यांत येऊ शकतो. शेवटी आयडीवरून दुबार ओळी काढा.

'रीजन-कोड' म्हणजे त्या देशातले व्हिडिओ, हा गैरसमज फार पसरलाय. त्या देशात जे *बघता येतात* ते, एवढाच त्याचा अर्थ. 'रेलेव्हन्स-लँग्वेज'मध्ये मराठीचा संकेत दिला तरी इतर भाषांचे निकाल येतातच. ती चाळणी नाही, झुकतं माप आहे.

आता मराठीचं दुखणं. 'व्हिडिओ' आणि 'व्हिडीओ' दोन्ही लिहिलं जातं, जोडशब्द कोणी जोडून लिहितं कोणी तोडून, आणि निम्मी शीर्षकं रोमन लिपीतल्या मराठीत असतात. शोधात '|' हे चिन्ह 'किंवा' म्हणून चालतं, वजाचं चिन्ह 'वगळा' म्हणून. पत्त्यात हाताने लिहिताना उभी रेघ एन्कोड करावी लागते, पायथनची लायब्ररी ते आपोआप करते. सगळी रूपं एका मागणीत कोंबण्यापेक्षा दोन-तीन मागण्या वेगळ्या केलेल्या बऱ्या, कुठल्या रूपाने काय आणलं ते तरी कळतं.

निळी_शाई

तुकडे करून यादी आली, धन्यवाद. पण फाइलमध्ये 'अ‍ॅप' शब्द शोधला तर काही ओळी सापडतात, काही डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाहीत.

अर्धविराम

कारण डोळ्यांना एक दिसणारं अक्षर फाइलमध्ये दोन प्रकारे साठवलेलं आहे. एक 'ॲ', युनिकोडमधला यू+०९७२, हे एकच चिन्ह. दुसरं 'अ' आणि पुढे 'ॅ', कधी मध्ये अदृश्य जोडक (यू+२००डी) घातलेला. तिसरा हिंदी कीबोर्डवरचा 'ऍ'. नेहमीचं 'एनएफसी' सामान्यीकरण (एका अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एका रूपात आणणं) लावलं की प्रश्न सुटला असं समजतात, पण ते या तिघांना एकत्र आणत नाही. बदल हाताने लिहावा लागतो: आधी जोडक असलेलं रूप, मग नसलेलं, मग 'ऍ', सगळ्यांचं 'ॲ' करायचं.

'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' मधल्या अर्ध्या 'र'चंही तेच. कोणी 'ऱ्य' टाइप करतं, कोणी र, हलन्त, जोडक आणि य. आणि म्हणून फाइलमधले सगळे यू+२००डी सरसकट पुसून टाकू नका. पुसले की दुसऱ्या प्रकारच्या लेखकांचा 'ऱ्य' 'र्य' होऊन जातो, वर इमोजीही फुटतात. कुटुंबाच्या एका इमोजीची चार वेगळी माणसं होतात.

मूळ रकाना तसाच ठेवून सामान्य केलेला मजकूर शेजारच्या रकान्यात ठेवा.

पाटीपेन्सिल

कॉमेंट्सचा हिशेब लागत नाही. व्हिडिओखाली ३,४१२ दिसतात, 'स्टॅटिस्टिक्स'मध्येही जवळपास तेवढाच आकडा आहे. फाइलमध्ये ओळी १,९०० आणि काही.

रानजाई

आकड्यात मुख्य कॉमेंट्स आणि उत्तरं दोन्ही मोजलेली असतात. 'कॉमेंट-थ्रेड्स.लिस्ट' मुख्य कॉमेंट्स सगळ्या देतं, पण प्रत्येकीखालची उत्तरं जास्तीत जास्त ५. एखादीखाली ८० उत्तरं असली तरी ५च. तुमच्या फाइलीत बहुधा तेच झालंय. प्रत्येक धाग्याचा 'टोटल-रिप्लाय-काउंट' बघा, तो मिळालेल्या उत्तरांपेक्षा मोठा असेल तर 'कॉमेंट्स.लिस्ट'ला 'पेरेंट-आयडी' देऊन ती सगळी वेगळी मागवा. इथे कोट्याचं गणित बदलतं. १२,००० मुख्य कॉमेंट्स १२० युनिट्समध्ये येतात, पण त्यातल्या ९००च्या खाली ५हून जास्त उत्तरं असतील तर आणखी किमान ९००. म्हणजे खर्च उत्तरांच्या संख्येवर नाही, भांडणं किती ठिकाणी झाली त्यावर ठरतो.

हे करूनही आकडा पूर्ण जुळणार नाही. काढून टाकलेल्या, तपासणीसाठी रोखलेल्या आणि स्पॅममध्ये गेलेल्या कॉमेंट्स आकड्यात रेंगाळतात, यादीत येत नाहीत. थोडा फरक राहिला तर सोडून द्या. निम्म्याने फरक असेल तर उत्तरं राहिलीयत.

बाकी चार गोष्टी:

क्रम 'टाइम'च ठेवा. 'रेलेव्हन्स' लावला तर शेवटपर्यंत सगळ्या येतीलच याचा भरवसा नाही.

'टेक्स्ट-फॉरमॅट' प्लेन टेक्स्ट करा. मूळ ठेवणीत मजकूर एचटीएमएलमध्ये येतो, ओळ तुटली की 'बीआर'चा टॅग आणि अवतरणचिन्हाच्या जागी 'क्वॉट'. शब्दांची वारंवारता काढली की मग 'बीआर' हा सगळ्यात लाडका शब्द निघतो.

उत्तराचा पालक आयडी नेहमी मुख्य कॉमेंटचाच असतो. उत्तराला दिलेलं उत्तर असेल तर ते फक्त मजकुराच्या सुरुवातीच्या '@' हँडलवरून कळतं, आणि माणसाने ते पुसलेलं असलं तर तेही नाही. उत्तराचा स्वतःचा आयडी म्हणजे पालकाचा आयडी, टिंब, आणि पुढे आणखी अक्षरं. पालकाचा रकाना हरवला तरी टिंबाच्या आधीचा भाग कापून जोडणी परत करता येते.

'पब्लिश्ड-अ‍ॅट' आणि 'अपडेटेड-अ‍ॅट' वेगळे असतील तर कॉमेंट नंतर बदललेली आहे. आधी काय लिहिलं होतं ते मिळत नाही.

पाटीपेन्सिल

उत्तरंच राहिली होती. डेटा टूल्समधून तोच व्हिडिओ घेतला तर मुख्य आणि उत्तरं एकाच तक्त्यात आली, शिवाय लेखकांची वेगळी फाइल.

आता ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी चौकटी आणि विचित्र चिन्हं, आणि काही आयडींच्या जागी '#नेम?'.

कडेकपार

डबलक्लिक करून उघडलीत. सीएसव्ही एक्सेलमध्ये कधीच डबलक्लिकने उघडायची नाही, हा नियमच करून टाका.

रिकामी वही उघडा, 'डेटा' टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा. 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' घ्या, मराठी सरळ होईल. मग 'लोड' न दाबता 'ट्रान्सफॉर्म डेटा'. आयडीच्या सगळ्या रकान्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा. व्हिडिओ आयडी ११ अक्षरांचा असतो आणि त्यात वजाचं चिन्ह व अधोरेघ चालते, पहिल्या जागीही. वजाने सुरू झालेला आयडी एक्सेलला सूत्र वाटतो, म्हणून '#नेम?'.

त्याच खिडकीत उजवीकडे 'सोर्स' पायरीच्या दातेरी चाकावर टिचकी मारा. तिथे ओळतोडीबद्दल पर्याय आहे, त्यात अवतरणातल्या ओळतोडी दुर्लक्षित करणारा निवडा. हे केलं नाही तर तीन परिच्छेदांच्या एका कॉमेंटच्या तीन ओळी होतात आणि तिथून खाली सगळे रकाने सरकतात. कॉमेंट्सच्या फाइलीत हा सगळ्यात घातक प्रकार, कारण वरच्या शे-दोनशे ओळी ठीक दिसतात.

आणि 'व्हीलूकअप' आयडीवर लावू नका. ते मोठं-लहान अक्षर एकच मानतं, यूट्यूबचे आयडी तसं मानत नाहीत. विंडोजमध्ये आयडी हेच फाइलचं नाव ठेवलं तरी तोच धोका, एक फाइल दुसरीवर चढते.

पायथनमध्ये पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीने वाचत असाल तर सगळे रकाने मजकूर म्हणून वाचा आणि रिकाम्या जागांची आपोआप ओळख बंद करा. कोणी कॉमेंटमध्ये नुसतं 'एनए' किंवा 'नल' लिहिलं असेल तर ती कॉमेंट गायब होते.

तक्तेबाज

आकड्यांच्या रकान्यांबद्दल थोडं.

व्ह्यूज आणि लाइक्स जेसनमध्ये (एपीआय ज्या ठेवणीत उत्तर देतो ती) मजकूर म्हणून येतात, आकडा म्हणून नाही. न बदलता क्रम लावला तर ९९ हा १,००,०००च्या वर जाऊन बसतो. लाइक्स लपवलेले असतील किंवा कॉमेंट्स बंद असतील तर तो रकाना उत्तरात येतच नाही. त्याजागी शून्य भरू नका. 'शून्य कॉमेंट्स' आणि 'कॉमेंट्स बंद' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डिसलाइक्स डिसेंबर २०२१ पासून सार्वजनिक मिळत नाहीत. सबस्क्रायबरचा आकडा तीन अंकांपर्यंत गोळा केलेला असतो, १,२३,४५६ असतील तर १,२३,००० दिसतात, त्यामुळे मोठ्या चॅनेलची रोजची वाढ त्यावरून काढणं निरर्थक.

लांबी 'पीटी४एम१३एस' अशी येते: ४ मिनिटं १३ सेकंद. तासाभराच्या वरच्या व्हिडिओत मिनिटं किंवा सेकंद शून्य असतील तर तो तुकडा गाळलेलाच असतो, म्हणून ठरावीक जागेवरून अक्षरं कापणारं सूत्र फसतं. चालू लाइव्हला 'पी०डी' मिळतं. वेळ सगळी यूटीसीत, दिवसवार मोजणी करण्याआधी बदलून घ्या.

आणखी एक: खासगी केलेले किंवा काढलेले व्हिडिओ 'व्हिडिओज.लिस्ट' निमूटपणे गाळतं. ५० आयडी दिले, ४७ ओळी आल्या, चूक म्हणून काही नाही. ओळी क्रमाने जोडाल तर तिथून पुढे सगळ्यांना शेजाऱ्याचे आकडे. जोडणी नेहमी आयडीवरून.

उंबरठा

शॉर्ट्स वेगळे कसे काढायचे?

तक्तेबाज

एपीआयमध्ये 'हा शॉर्ट आहे' असा रकाना नाही. पूर्वी ६० सेकंदांची रेघ मारून भागत असे. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्स ३ मिनिटांपर्यंत चालतात, त्यामुळे २ मिनिटांचा आडवा व्हिडिओ आणि २ मिनिटांचा शॉर्ट लांबीवरून ओळखू येत नाहीत. अपलोड्सच्या आयडीत 'यूयू'च्या जागी 'यूयूएसएच' लावलं की फक्त शॉर्ट्स, 'यूयूएलएफ' लावलं की फक्त लांब व्हिडिओ, अशा प्लेलिस्ट मिळतात. हे अधिकृत कागदपत्रात नाही, कधीही बंद पडू शकतं. दोन्ही याद्या काढून एकूण अपलोड्सशी बेरीज ताडून बघा, लाइव्ह वेगळे पडतात ते धरून.

३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धतही बदलली: किमान किती वेळ बघितलं ही अट गेली, सुरू झालं किंवा पुन्हा वाजलं की मोजलं. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे शॉर्ट्सचे व्ह्यूज एकाच आलेखावर जोडू नका.

निळी_शाई

व्ह्यूज महिनावार कसे मिळतील? तक्त्यात एकच आकडा आहे.

रानजाई

दुसऱ्याच्या चॅनेलचे मिळत नाहीत. एपीआय मागणीच्या क्षणाची एकूण बेरीज देतो, मागचा इतिहास नाही. (स्वतःच्या चॅनेलला वेगळा अ‍ॅनालिटिक्स एपीआय आहे.) वाढ बघायची तर आजपासून रोज ठरलेल्या वेळी आकडा घ्यायचा. ५०० व्हिडिओंना रोज १० युनिट्स, काहीच नाही.

नवे व्हिडिओ कळायला कोटा खर्चायचीही गरज नाही. प्रत्येक चॅनेलची आरएसएस फीड (नव्या व्हिडिओंची आपोआप बनणारी यादी) आहे, किल्ली लागत नाही, शेवटचे १५ व्हिडिओ देते. त्यातून नवे आयडी उचलायचे आणि आकड्यांपुरतं एपीआयकडे जायचं. १५हून जास्त व्हिडिओ एका दिवसात टाकणारी चॅनेल्स असतील तर फीड दिवसातून दोन-तीनदा बघा.

उंबरठा

एवढा कोट्याचा व्याप कशाला? व्हिडिओ उतरवणारं 'वायटी-डीएलपी' हे साधन घ्या, व्हिडिओ सोडून फक्त माहिती यावी म्हणून 'स्किप-डाउनलोड' आणि 'राइट-इन्फो-जेसन' लावा, किल्ली नको, कोटा नको, सबटायटल्सही मिळतात.

कडेकपार

मिळतात, पण ते एपीआय नाही, यूट्यूबची आतली पानं वाचणं आहे, आणि परवानगीशिवाय तसं आपोआप माहिती गोळा करायला यूट्यूबच्या अटींत मनाई आहे. संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या कामात हा मुद्दा आधी उठतो, निकाल नंतर. व्यवहारातही बघा: 'फ्लॅट-प्लेलिस्ट' लावून पटकन यादी घेतली तर नेमकी तारीख येत नाही. न लावता घेतली तर दर व्हिडिओला वेगळी मागणी, १,२०० व्हिडिओंना १,२०० पानं, आणि मध्येच 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा'. पान बदललं की साधन मोडतं, नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा. जे ४९ युनिट्समध्ये बिनबोभाट मिळतं त्यासाठी हा घाट कशाला?

सबटायटल्सपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. एपीआयमध्ये 'कॅप्शन्स.डाउनलोड' आहे, २०० युनिट्स खातं, आणि व्हिडिओ संपादित करायचा अधिकार असेल तरच देतं. दुसऱ्याच्या व्हिडिओची कॅप्शन्स यादीत दिसतात, मजकूर हाती येत नाही.

अर्धविराम

ज्यांनी कुठूनही सबटायटल्सची 'व्हीटीटी' फाइल मिळवली असेल त्यांच्यासाठी: आपोआप बनलेल्या कॅप्शन्समध्ये ओळी सरकत्या असतात. आधीची ओळ पुढच्या तुकड्यात वर पुन्हा येते. तशीच जोडली तर प्रत्येक वाक्य दोनदा, कधी तीनदा. शब्दगणतीचं प्रमाण साधारण ठीक दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण एकूण शब्द दुप्पट. आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या ओळीशी ताडून दुबार ओळ गाळा. आपोआप बनलेलं की माणसाने लिहिलेलं हे 'ट्रॅक-काइंड'वरून कळतं, 'एएसआर' म्हणजे यंत्राने बनवलेलं. दोन्ही एका संचात मिसळू नका.

पाटीपेन्सिल

जाळं, म्हणजे कुठला व्हिडिओ कुठल्याशी जोडलेला ते दाखवणारं चित्र, काढायचं होतं. संबंधित व्हिडिओंचं जाळं काढायची कृती जुन्या मार्गदर्शिकांत आहे, तो पर्याय आता दिसत नाही.

रानजाई

तो एपीआयमधूनच गेला. 'रिलेटेड-टू-व्हिडिओ-आयडी' हा पॅरामीटर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे कुठल्याच साधनात तो परत येणार नाही. ती जुनी जाळी आता नव्याने पडताळताही येत नाहीत.

कॉमेंट करणाऱ्यांवरून मात्र काढता येतं. एकाच माणसाने दोन व्हिडिओंवर कॉमेंट केली तर त्या दोन व्हिडिओंत एक रेघ, अशी जेवढी माणसं तेवढं रेघेचं वजन. नाव घेऊ नका, लेखकाचा चॅनेल आयडी घ्या. नावं बदलतात, सारखीही असतात. गेफीत (जाळी काढायचं सॉफ्टवेअर) घालण्याआधी छाटणी करा: ६० व्हिडिओंवर एकेक 'छान' टाकणारा एकच माणूस १,७७० रेघा तयार करतो (६० गुणिले ५९ भागिले २). असे दोन-चार असले की सगळं जाळं एक गोळा होतं आणि गेफीमधलं मांडणीचं तंत्र 'फोर्स-अ‍ॅटलास २' कितीही वेळ चालवलं तरी गोळाच राहतो. एका माणसाला कमाल मर्यादा घाला, स्पॅमची खाती काढा, मग २ किंवा ३पेक्षा कमी वजनाच्या रेघा गाळा. प्रत्येक छाटणीचा आकडा लिहून ठेवा, कारण चित्र त्यावरच ठरतं.

निळी_शाई

हे सगळं किती दिवस ठेवता येतं?

कडेकपार

एपीआयच्या धोरणात ३० दिवस आहेत. वापरकर्त्याच्या परवानगीशिवाय मिळालेली माहिती त्याहून जास्त ठेवायची नाही, एकतर ताजी करा नाहीतर पुसा. वर रोजचे आकडे साठवायचा सल्ला दिलाय तो थेट या नियमाला भिडतो, हे माहीत असू द्या. संशोधन संस्थांसाठी यूट्यूबचा वेगळा 'रिसर्चर प्रोग्राम' आहे, लांब मुदतीचं काम त्यातून अर्ज करून करावं.

कॉमेंट्स ठेवताना लेखकाचा आयडी तसाच ठेवू नका. गुप्त किल्ली लावून हॅश करा, म्हणजे मूळ परत काढता येणार नाही अशा अक्षरांत बदला (एचमॅक), किल्ली डेटापासून वेगळ्या जागी. नुसता हॅश पुरत नाही, चॅनेल आयडी सार्वजनिक असल्याने कोणीही तोच हॅश काढून माणूस शोधेल. आणि अहवालात कॉमेंट शब्दशः छापली तर ती शोधून खाली नाव सापडतं, हॅश केलात तरी.

अर्धविराम

'@' हँडलं मजकुरातही असतात, ती राहून जातात. रकान्यातला आयडी हॅश केला आणि कॉमेंटच्या पहिल्याच शब्दात माणूस उभा. '@'पासून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंतचा तुकडा बदलून टाका, पण जाळं काढून झाल्यावर. आधी बदललात तर उत्तराचं उत्तर कोणाला होतं हे कळायचा एकमेव धागा जातो.